घरची सुई

माझ्या नवऱ्याच्या काकांवर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं म्हणतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून सुरुवात केलेली नाही.

काका डॉक्टर होते. जयनगरला त्यांचं घर, पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे सगळा संसार. माझं सासर म्हणजे बेंगळुरातलं जुनं मराठी घराणं. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाच ठाऊक, पण सांगायचे असं की जणू परवाच घोड्यावरून उतरले. घरात मराठी बोलायचे आणि त्यात निम्मं कानडी. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, मग पानं घ्या’; सरी म्हणजे बरं. मी नागपूरची. माझ्या मराठीला ते हसायचे आणि त्यांच्या मराठीला मी. फरक एवढाच की ते तोंडावर हसायचे.

माझे सासू-सासरे नवरा लहान असतानाच गेले. काकांनी त्याला वाढवलं, शिकवलं, के. आर. पुरमकडच्या एका कारखान्यात नोकरीला लावून दिलं. आम्ही राहायचोही तिकडेच, जयनगरपासून पार दुसऱ्या टोकाला. ते अंतर मला फार आवडायचं. नवऱ्याला मात्र काका म्हणजे देव. काका म्हणाले ऊठ की हा उठायचा, बस म्हणाले की बसायचा. नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करत असे. इथे लिहिताना ‘तो’ म्हणते आहे, तेवढं सुख लिहिण्यात आहे.

आता सुईचं सांगते.

खंडेनवमीला बेंगळुरात सगळे आपापली हत्यारं पुजतात. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, कारखान्यात चुरमुरे वाटतात, नाक्यानाक्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडतात आणि मग दोन दिवस त्यावरून स्कूटरवाले घसरत राहतात. काका दवाखान्याची हत्यारं पुजायचे. पाटावर कात्र्या, चिमटे, स्टेथास्कोप, सगळ्यांना हळदीकुंकू, आणि मधोमध चांदीच्या डबीत घरची सुई. ही प्लास्टिकच्या आधीच्या काळातली, पोलादी, जाड बुडाची. बोथट झाली की काका स्वतः दगडावर धार लावायचे. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी ती सुई पाण्यात उकळायची आणि वर्षाचा पहिला मान घरच्यांना द्यायचा. आजोबांच्या वयाच्या माणसापासून आठ वर्षांच्या पोरापर्यंत सगळे वयाच्या क्रमानं रांगेत उभे राहायचे. काका एकाला टोचायचे, स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायचे आणि दुसऱ्याला टोचायचे. एकच सुई, सगळं घराणं.

काकांना काही कळत नव्हतं असं कोणी समजू नये. दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही माणसाला, मग तो भाजीवाला असो नाहीतर बँकेतला साहेब, काका पाकीट फोडून नवी सुई काढत, एकदा वापरत आणि वाकवून डब्यात टाकत. भिंतीवर तशी पाटीसुद्धा होती, कानडीत आणि इंग्रजीत. सगळं कळत होतं. पण ते परक्यांसाठी. ‘कोणाच्या रक्तात काय असेल सांगता येत नाही,’ काका म्हणायचे. ‘आपलं रक्त एक आहे. आपल्याला एक सुई पुरते.’ आणि बाकीचे माना डोलवायचे, जसं काही यांनी रक्ताचा शोधच लावला.

सुना मात्र परक्या रक्ताच्या. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दारापाशी एक स्टूल मांडलेलं असे. रांग सुरू व्हायच्या आधी सुनांना तिथे बसवून पाकिटातली सुई वापरून उरकायचं आणि मग आत पाठवायचं, पुरणाकडे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मला हे कळलं तेव्हा कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर, नवी साडी नेसून, मी त्या स्टुलावर बसले आणि समोर माझा नवरा बाही सरसावून आपल्या रक्ताच्या माणसांत उभा. घरी आल्यावर मी खूप बडबडले. तो म्हणाला, ‘तुला नवी सुई मिळाली, तरी तक्रार कसली?’

तेव्हा टायफॉइडचं इंजेक्शन असायचं. पुढे काकांना ॲलर्जीचं वेड लागलं. बेंगळुरात सगळी रिकामी जागा गाजरगवतानं माजलेली, घरटी एक माणूस शिंकतोय नाहीतर धापा टाकतोय. काका कुठेसं जाऊन ते शिकून आले आणि मग दसऱ्याला इंजेक्शनाऐवजी चाचणी सुरू झाली. कोपराखाली हातावर छोट्या बाटल्यांतून एकेक थेंब ठेवायचा. एक धुळीचा, एक गाजरगवताचा, एक रेशमाचा, असे. प्रत्येक थेंबातून सुईनं कातडीला टोचायचं आणि थोडा वेळ बसून राहायचं. जे सोसत नाही त्याच्या जागी गांधी उठते. काकांचा हात जड होता, सुई जुनी होती, दरवर्षी दोघातिघांच्या हातावर रक्ताचे ठिपके यायचेच. मग काका हसून म्हणायचे, ‘बघा, कसं लालभडक आहे.’

माझी मुलगी त्या वर्षी आठची झाली. तिला लहानपणापासून दमा. पाऊस संपून गवत फुललं की तिच्या छातीतून शिट्टी वाजायची आणि मी तिला उशीला टेकवून बसवायची. काय सोसत नाही ते कळलं तर औषध नीट देता येईल, हे मलाही हवं होतं. काका म्हणाले, ‘यंदा रांगेत येतेच आहे, दसऱ्याला बघून टाकू.’ मुलगी खूश. मोठ्या भावंडांच्या रांगेत उभं राहायचं याचं तिला कोण कौतुक. माझ्या जावेचा मुलगाही त्याच वर्षी आठचा, तोही पहिल्यांदाच उभा राहणार होता. दोघं एकमेकांच्या दंडाला काडी टोचून सराव करत बसायची.

ही जाऊ म्हणजे काकांच्या मोठ्या मुलाची बायको. त्याला सगळे अण्णा म्हणत, हिला अक्का. अक्काचं आणि माझं कधीच पटलं नाही. मी आल्यापासून ती मला ‘नागपूरची’ म्हणायची, नावानं नाही. माझ्या वरणाला नावं ठेवायची, माझ्या साड्यांना नावं ठेवायची. तर अशी ही अक्का गणपतीनंतर एके दिवशी दुपारची दोन बस बदलून एकटीच माझ्या दारात आली. मला वाटलं कोणीतरी गेलं.

पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘तुमच्या इथे कोणी डॉक्टर आहे का? आम्हाला ओळखत नाही असा.’

अण्णाला उन्हाळ्यात कावीळ झाली होती ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पथ्य केलं, उसाचा रस प्यायला, डोळे पांढरे झाले, विषय संपला. तो संपलेला नव्हता. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ही रक्तातून जाणारी कावीळ आहे, हेपटायटिस बी, आणि डोळे पांढरे झाले तरी रक्तातून गेलेली नाही. याचं दाढीचं पातं वेगळं ठेवा, ब्रश वेगळा ठेवा, बायकोनं लस टोचून घ्यावी. लस काकांच्या दवाखान्यात टोचली तर कंपाउंडरला कळणार, कंपाउंडरला कळलं की जयनगरला कळणार, आणि अण्णाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं. रक्तातला आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बसवरची एड्सची जाहिरातच येणार. म्हणून ही बाई लपतछपत माझ्याकडे.

मी तिला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. लस टोचून बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘कोणाला बोललीस तर बघ.’

मी म्हटलं, ‘अक्का, दसऱ्याला काय करणार आहात?’

‘काय म्हणजे?’

‘रांगेत अण्णा आधी आहेत. मुलं मागून आहेत. सुई एक आहे.’

तिचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही, आलं होतं आणि तिनं ते ढकलून दिलं होतं. ‘मामंजी बघतील काहीतरी,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर आहेत ते.’ बस आली आणि ती चढली.

गुप्त ठेवायचं वचन मी दिलं नव्हतं. दिलं असतं तरी मोडलं असतं. त्याच संध्याकाळी नवरा चहा घेत असताना मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बिस्किट चहात बुडवत म्हणाला, ‘माहीत आहे मला. अण्णा बोलला होता.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘माहीत असून मुलीला त्याच सुईनं टोचू देणार?’

‘काका सुई उकळतात.’

‘सकाळी एकदा. मधे नुसती पुसतात.’

‘काकांना डॉक्टरकी तू शिकवणार? इतकी वर्षं टोचतायत, कोणाला काही झालं का? वर्षातून एक दिवस घरातली सगळी एकत्र येतात, तो पण तुला खुपतो.’

‘मग मी तिला घेऊन घरी थांबते.’

‘थांब तू. तिला मी नेईन.’

आणि त्यानं नेलंच असतं. त्याचा हट्ट मला माहीत होता. म्हणजे दसऱ्याला मी तिथे असणं भाग होतं.

खंडेनवमीला आम्ही जयनगरला राहायला गेलो. पूजा झाली, माणसं पांगली, काका पाटापाशी एकटे होते तेव्हा मी जाऊन उभी राहिले. शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, ‘काका, उद्या मुलीला पाकिटातली सुई घ्याल का? लहान आहे, घाबरते.’

‘घाबरत नाही ती. मघाशी मला दंड दाखवून गेली.’

‘मला भीती वाटते.’

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्यांना कळलं मला काय माहीत आहे ते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ‘स्पिरिटनं पुसतो मी,’ ते म्हणाले.

‘दवाखान्यात पुसून चालत नाही ना? मग घरात कसं चालतं?’

हे बोलायला नको होतं असं सगळ्यांचं मत पडलं असतं. मला तसं तेव्हाही वाटलं नाही. काकांनी चांदीची डबी बंद केली. ‘हे बघ,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘एका पोरीला वेगळी सुई दिली की चारजणं विचारतील का दिली. अण्णाला वगळला तरी विचारतील. घरात मुलगी लग्नाची आहे. कावीळ बरी झाली आहे त्याची. तू आता आत जा.’

म्हणजे त्यांनी विचार केलेला होता. एका बाजूला त्यांच्या मुलीचं लग्न आणि घराण्याची अब्रू, दुसऱ्या बाजूला माझी पोर, आणि त्यांनी वजन करून ठरवलं होतं. अडाणी माणसानं हे केलं असतं तर मी माफ केलं असतं. यांनी माहीत असून केलं. माझा राग जो आहे तो तिथला आहे.

दसऱ्याच्या सकाळी घर माणसांनी भरलं. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून एकमेकांना देऊन झाली. काका सोवळं सोडून पांढरा कोट घालून बसले. सुई उकळून निघाली. मुलगी नवीन परकर नेसली होती आणि रांगेत जागा धरून उभी होती, मागून दुसरी. तिच्या मागे अक्काचा मुलगा. पुढे चार डोकी सोडून तिचा बाप आणि बापाच्या पुढे अण्णा.

आधी सुनांचं. अक्का स्टुलावर बसून उठली. मग माझं झालं. मी उठले, रांगेपाशी गेले, मुलीचा हात धरला आणि तिला आणून स्टुलावर बसवलं. म्हटलं, ‘हिचंही इथेच करा.’

काका हसले. लोकांसमोर ते नेहमी हसत. ‘अगं, तिची रांग तिकडे.’

‘वर्षभर तुम्ही हिला परक्याचं धन म्हणता. आज परकी समजा.’

माणसं हसली. काकू म्हणाल्या, ‘नागपूरचं तोंड.’ काकाही हसत म्हणाले, ‘लग्न होईपर्यंत आमचीच ती. आमचं रक्त आहे. जा बाळ, उभी राहा तिकडे.’

मुलगी उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात दाबला.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘काय नाही?’

‘तुमचं रक्त नाही.’

आता या घराण्याच्या नाकाविषयी सांगायला हवं. मधे उंचवटा आणि शेंड्याला खाली वळलेलं असं त्यांचं एक नाक आहे, ते भिंतीवरच्या तसबिरींपासून सगळ्यांना सारखं. माझ्या मुलीला ते जन्मतः मिळालं. बाळंतपणात तिला पहिल्यांदा बघून मी रडले होते ते त्या नाकामुळे. ती स्टुलावर बसलेली, समोर काका वाकलेले, आणि दोघांची नाकं एकमेकांसमोर. आंधळ्यालाही कळलं असतं की मी खोटं बोलते आहे.

‘काय बोलतेस ते कळतंय का तुला?’ काकू म्हणाल्या.

‘कळतंय. ती माझी आहे. तुमच्यातली नाही. सुनांची सुई काढा.’

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त चीड येत होती. काकांना एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं. पण मी खोटं बोलते म्हटलं की कशासाठी बोलते हेही कोणीतरी विचारलं असतं, आणि ते तर त्यांना नको होतं. ते तसेच सुई हातात धरून बसले. अब्रू सांभाळायची होती ना, सांभाळा म्हटलं.

तेवढ्यात रांगेच्या शेवटी हालचाल झाली. अक्का आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं त्याला माझ्या मुलीच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाली, ‘हाही नाही.’

तिचा मुलगा म्हणजे अण्णाचा छाप. नाक तर सोडाच, उभं राहायची ढबसुद्धा तीच. अण्णा आपल्या पायांकडे बघत होता. आपल्या बायकोनं भर घरात असं म्हणावं आणि आपण मान वर करू नये, तेव्हाच त्या माणसानं सगळं कबूल केलं, पण विचारणारं कोणी नव्हतं. काकांनी घरची सुई ताटलीत ठेवली. एक पाकीट फोडलं, मुलीच्या हातावर थेंब ठेवले, टोचलं. दुसरं पाकीट फोडलं आणि मुलाला टोचलं. मुलीच्या हातावर गाजरगवताच्या थेंबाजवळ भली मोठी गांधी उठली. म्हणजे दमा त्याचाच होता.

मग काका रांगेकडे वळले. मला वाटलं होतं की आता ही रांग मोडेल. मोडली नाही. ज्येष्ठ मंडळींचं झालं, अण्णाचं झालं, काकांनी बोळ्यानं सुई पुसली. माझ्या नवऱ्यानं बाही वर केली आणि हात पुढे केला. टोचून घेताना तो काकांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, नको म्हणून. त्यानं हात तसाच ठेवला.

त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. काही हवं असेल तर ‘आईला सांग’ असं मुलीला सांगायचा, आई समोर बसलेली असताना. मुलीला मात्र जवळ घ्यायचा, तिच्या केसांत तेल घालायचा, शाळेत सोडायचा. ती माझी आहे का, असं त्यानं मला कधी विचारलं नाही. विचारायचा प्रश्नच नव्हता, नाक रोज समोर होतं. त्याला जे लागलं ते वेगळंच होतं. मी त्याला चार माणसांत बाप म्हणून पुसून टाकलं होतं आणि ते मी त्याच्या गप्प राहण्यामुळे केलं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. मीही समजूत घातली नाही. माझ्याकडे समजूत शिल्लक नव्हती. सासरच्या बायका लग्नाकार्यात मुलीकडे बघून आपसात कुजबुजायच्या. अक्का तर मला बघितलं की तोंड फिरवायची, जसं काही तिला तिचं वाक्य मीच शिकवलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला त्याची भूक गेली. मग ताप, मग लघवी गर्द पिवळी. एका सकाळी तो तोंड धुऊन वळला आणि उजेडात मला त्याचे डोळे दिसले. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. जे यायचं तेच आलं.

मी त्याला एक शब्द बोलले नाही. बोलण्यासारखं खूप होतं, महिनोन्महिने जमवलेलं होतं, पण तो एवढासा होऊन अंथरुणात पडलेला. कपाळावर हात ठेवला तर गरम लागायचं आणि मला त्याची दया यायची आणि त्या दयेचाही राग यायचा. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेले तर कोनाड्यात सगळ्यांच्या ब्रशांबरोबर असायचा तो त्याचा ब्रश नव्हता. त्यानं स्वतः उठून आपला ब्रश, आपलं दाढीचं सामान एका डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलं होतं, मुलीचा हात पोचणार नाही असं.

काका भेटायला आले. मोसंबी आणली होती. बिछान्याशेजारी बसून म्हणाले, ‘बाहेरचं काही खाल्लं असशील.’ नवऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. लग्न झाल्यापासून काकांकडे त्यानं पाठ केलेली मी पहिल्यांदा बघितली. मी चहा विचारला नाही. मोसंबी मोलकरणीला दिली.

त्याला थोडं चालता येऊ लागल्यावर मुलीला लस टोचायला न्यायचं ठरलं. घरात आजार म्हणजे तिला आणि मला, दोघींना घ्यायची होती. मी म्हटलं मी नेते. तो उठला, उन्हाळा लागत आला होता तरी स्वेटर चढवला आणि आमच्याबरोबर निघाला. गल्ली संपेपर्यंत दोनदा थांबला. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर चिडलेले, नर्स दमलेली. आमचा नंबर आला तेव्हा नर्स आतल्या खोलीतून सुई लावून भरलेली सिरिंज घेऊन आली.

‘ही नको,’ नवरा कानडीत म्हणाला. ‘पाकीट माझ्यासमोर फोडा.’

नर्स म्हणाली, नवीनच आहे. तो म्हणाला, असेल, पण मला फोडताना बघायचं आहे. मागची माणसं चुळबुळायला लागली. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, पिवळे डोळे, खोल गेलेले गाल, उन्हात स्वेटर. वैतागून त्यांनी विचारलं, ‘नीवु यारु?’ तुम्ही कोण हिचे.

‘नानु अप्पा,’ तो म्हणाला.

मुलीचा हात त्यानं घट्ट धरलेला होता. नर्सनं नवं पाकीट आणलं आणि त्याच्या नाकासमोर धरून फोडलं. तो शेवटपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडे वळला, दसऱ्यानंतर पहिल्यांदा, आणि तेच पुन्हा मराठीत म्हणाला, ‘मी बाप आहे तिचा.’

डॉक्टरांना मराठी येत नव्हती.